शेकर पद्धतीच्या दारांसाठी राउटर बिटांचा संच : गोव्याच्या हवेत आणि आपल्या प्लायवर पारखलेला

स्वयंपाकघरातील कपाटांची दारे घरीच करायची म्हटली की रंग, मूठ आणि बिजागरी यांच्याही आधी चौकटीच्या सांध्याचा विचार करावा लागतो, कारण दार सरळ राहणार की लोंबणार हे तिथेच ठरते. फोंड्यातील माझ्या घरामागच्या छोट्या कार्यशाळेत कपाटांची अशी दारे मी दोन बिटांच्या, म्हणजे राउटर या लाकूड कोरणाऱ्या यंत्रात बसणाऱ्या फिरत्या पात्यांच्या, शेकर संचाने केली. हा संच निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि त्याची रचना सगळीकडे जवळजवळ एकच असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचे नसून या प्रकारच्या साधनाचे आहे, असे समजावे.

शेकर हा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेला एक ख्रिस्ती पंथ. अ‍ॅन ली आणि त्यांचे मोजके अनुयायी १७७४ मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि पुढे त्यांच्या वस्त्यांमधून जे फर्निचर तयार झाले, त्यात निष्कारण नक्षीला जागा नव्हती. आज ज्याला शेकर दार म्हणतात त्यात दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या पट्ट्या आणि मध्ये सपाट पॅनल एवढेच असते, आणि पट्टीची आतली कड काटकोनात असते. हे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. शेकर या नावाने विकल्या जाणाऱ्या काही संचांत ही कड तिरपी किंवा किंचित गोल येते. ज्यांना खरे साधे दार हवे आहे त्यांनी खोक्यावरचे नाव न पाहता पात्याच्या छेदाची आकृती पाहावी. मी वापरलेल्या संचाची कड स्वच्छ काटकोनात येते आणि त्याबद्दल माझे मत पूर्णपणे अनुकूल आहे.

संचातील एक बिट चारही पट्ट्यांच्या आतल्या कडेला पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी रुंद आणि सुमारे ९.५ मिमी खोल खाच पाडते. दुसरे बिट आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना त्या खाचेत बसणारे आखूड कुसू, म्हणजे जिभेसारखे पुढे आलेले टोक, काढते. दोन्ही बिटांची उंची एकदा जुळली की पट्ट्यांची दर्शनी बाजू एका पातळीत येते, आणि पॉलिश पेपरने सांधा घासत बसण्याचे काम जवळजवळ संपते. उंची जुळवण्यासाठी त्याच जाडीचे टाकाऊ तुकडे घ्यावेत, सर्व पट्ट्या दर्शनी बाजू खाली ठेवूनच सरकवाव्यात, आणि सांधा बरोबर आला की ते नमुन्याचे दोन तुकडे जपून ठेवावेत. पुढच्या वेळी बिट त्या तुकड्यांना लावून उंची ठरवता येते.

मोजमाप सोपे आहे, पण त्यात कुसवाची लांबी विसरून चालत नाही. दार ४५० मिमी रुंद आणि उभी पट्टी ५७ मिमीची असेल, तर आडवी पट्टी ४५० मधून ११४ वजा करून त्यात दोन्ही कुसवांचे १९ मिमी मिळवून ३५५ मिमी कापावी लागते. उभी पट्टी ५० मिमीपेक्षा अरुंद करू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कपाटाच्या आत दडणाऱ्या बिजागरीची वाटी ३५ मिमी व्यासाची असते, ती बाहेरच्या कडेपासून ३ ते ५ मिमी सोडून बसते, आणि आतल्या बाजूची ९.५ मिमी जागा खाचेने आधीच खाल्लेली असते. पट्टी ५० मिमीची असली तरी वाटी आणि खाच यांच्यामध्ये जेमतेम लाकूड उरते.

आडव्या पट्टीची टोके आधी आणि लांब कडा नंतर कराव्यात, म्हणजे टोकावर लाकूड आडव्या तंतूंत तुटले तरी तो भाग पुढच्या खाचेत निघून जातो. अरुंद पट्टी एकटीच फिरत्या बिटासमोर धरणे धोक्याचे आहे. तिच्या मागे काटकोनात कापलेला रुंद ठोकळा लावावा, किंवा रुंद फळीच्या टोकांना कुसू काढून मग तिच्या पट्ट्या चिराव्यात. ही बिटे सुमारे ४१ मिमी व्यासाची असल्याने वेग मिनिटाला १८,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नये, आणि ती टेबलाखाली पक्क्या बसवलेल्या राउटरवरच चालवावीत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिमीच्या दांड्याचा संच कमी थरथरतो आणि काप गुळगुळीत देतो. मात्र आपल्या राउटरचा कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी पकड, १२ मिमीचा असेल तर हा दांडा त्यात बसत नाही, आणि हातात धरायच्या छोट्या ट्रिमरवर तर या बिटांचा विचारही करू नये. खरेदीपूर्वी कॉलेटचे माप स्वतः तपासावे. परत पाठवलेल्या संचांमागे बहुधा हेच कारण असावे.

आता या संचाच्या एकमेव गंभीर उणिवेकडे येतो. त्याची खाच पाव इंचाला बांधलेली आहे आणि आपल्याकडे ६ मिमी म्हणून मिळणारी प्लाय व्हर्नियरने मोजली तर पुष्कळदा साडेपाच मिमीच्या आसपास भरते. परिणामी पॅनल खाचेत सैल राहते आणि दार बंद करताना खडखडते. सांध्याच्या दृष्टीनेही हे बरे नाही, कारण ९.५ मिमीचे कुसू फार आखूड असते आणि प्लायचे पॅनल चारही बाजूंनी खाचेत डिंकाने चिकटले तरच चौकटीला खरी ताकद मिळते. साडेपाच मिमीच्या प्लायला आतल्या बाजूने ०.८ मिमीचे लॅमिनेट लावले तर जाडी ६.३ मिमी होते आणि पॅनल खाचेत नेमके बसते. अरुंद दारांना हा उपाय चांगला आहे, पण रुंद पॅनलला एकाच बाजूने लॅमिनेट लावल्यास ते वाकण्याचा संभव असतो. म्हणून नव्याने घेणाऱ्यांनी चकत्या घालून खाचेची रुंदी कमी-जास्त करता येणारा संच घ्यावा, त्याची किंमत अधिक असली तरी. प्लाय स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीनच घ्यावी. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचे, पॅनल रंगवायला सुरेख असते, परंतु आपल्या पावसाळ्यात त्याची न झाकलेली कड फुगते आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही.

पॅनल सागाचे किंवा फणसाचे भरीव करायचे असेल तर नियम उलटा होतो. ते खाचेत मोकळे राहिले पाहिजे आणि त्याला डिंकाचा थेंबही लागता कामा नये. हवेतील आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातील ओलावा १२ टक्क्यांच्या जवळ स्थिरावतो, आणि ती ८५ टक्क्यांवर गेली की १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. आपल्याकडे एप्रिलपासून जुलैपर्यंत हवा अशीच पालटते. सागाची आडवी चिरलेली (वलये रुंदीला साधारण समांतर असलेली) ३४० मिमी रुंद फळी तेवढ्या फरकाने सुमारे साडेतीन मिमी रुंदावते. दार उन्हाळ्यात जुळवणार असाल तर रुंदीत एकूण ५ ते ६ मिमी जागा मोकळी ठेवावी. भर पावसाळ्यात जुळवणार असाल तर दीड-दोन मिमी पुरतात, कारण फळी त्या वेळी फुगलेलीच असते. पॅनलला पॉलिश किंवा रंग जुळवणीपूर्वीच द्यावा, नाहीतर फळी आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. आमच्या भागातील एका वयस्क मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, ही दारे पाहिली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पॅनल आत हलते का, हाच विचारला. जुन्या घरांच्या मोठ्या दारांना त्यांनी आयुष्यभर हाच नियम लावला आहे, म्हणून त्यांची पसंती मला मोलाची वाटते.

पात्यांबद्दल तक्रार नाही. सागात नैसर्गिक सिलिका असते आणि ती साध्या पोलादाची धार लवकर मारते. या संचातील कार्बाइडची पाती सागावरही काप स्वच्छ देत राहिली. सागाच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही, तेव्हा सांधा जुळवण्याच्या अगदी आधी थिनरने पुसावा आणि पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचा फेविकॉल वापरावा. कार्बाइड गंजत नसले तरी बिटाचे पोलादी अंग आणि बेअरिंग समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतात, आणि अडकलेले बेअरिंग लाकडाची कड जाळते. म्हणून काम झाल्यावर राळ पुसून, तेलाचा हलका हात देऊन, बिटे बंद डब्यात ठेवावीत.

संपूर्ण स्वयंपाकघर करणाऱ्याला हा संच मी निःसंकोच सुचवीन, कारण दारांची संख्या वाढते तसा त्याचा एकसारखेपणा आणि वेग अधिक उपयोगी पडतो. दोन-चारच दारे करायची असतील तर ५ मिमीचे एक सरळ बिट पुरते. पट्टी एकदा सरकवावी, मग तिची दुसरी बाजू टेकूला (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) लावून तीच खाच पुन्हा कापावी, म्हणजे खाच आपोआप मधोमध येते आणि टेकू किंचित सरकवून ती समोरच्या प्लायच्या जाडीइतकी रुंद करता येते. कुसवे त्याच बिटाने टप्प्याटप्प्याने काढता येतात. वेळ अधिक लागतो, पण पॅनल मुळीच खडखडत नाही.