व्हॉट्सॲप, डिस्कॉर्ड, गिटहब की लिंक्डइन? कोकणातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी वेळ कुठे द्यावा

लोणेरे, रत्नागिरी, देवरुख किंवा कणकवलीला इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलांना पुण्यातल्यासारखं कंपनीत काम करणारं माणूस संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटत नाही. लोट्याचा रासायनिक पट्टा किंवा जयगडचं वीज केंद्र आहे, पण सॉफ्टवेअर, एम्बेडेड (यंत्रात बसवलेल्या चिपचं प्रोग्रामिंग), डिझाइन या क्षेत्रांतली अनुभवी माणसं ऑनलाइनच गाठावी लागतात. जागा बऱ्याच आहेत आणि वेळ थोडा. म्हणून निवडताना तीनच गोष्टी तपासाव्यात: अडलं तर नेमकं उत्तर मिळतं का, ते वर्षभराने दुसऱ्याला सापडतं का, आणि जुलैत दोन दिवस रेंज गेली तरी काम चालू राहतं का.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम

सबमिशनची तारीख, व्हायवाचा क्रम, एसटी चुकली म्हणून लॅब पुढे ढकलली, अशा निरोपांना व्हॉट्सॲपला तोड नाही. मंद नेटवरही मेसेज जातो. शिकण्यासाठी मात्र ते अपुरं पडतं. ग्रुपमध्ये नवीन आलेल्याला आधीचं संभाषण आपोआप दिसत नाही आणि मार्चमध्ये सुटलेली शंका जूनमध्ये शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. टेलिग्रामवर जुने मेसेज नव्या सदस्यालाही दिसतील अशी सोय करता येते आणि ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत माणसं मावतात. पण अनोळखी मोठ्या ग्रुपवर 'पैसे भरा, इंटर्नशिप घ्या' हा धंदा जोरात असतो. इंटर्नशिपसाठी आधी पैसे मागितले की तिथून बाहेर पडायचं.

प्रश्नोत्तरांचे मंच

प्रोग्रामिंगच्या प्रश्नांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो, त्याचंच इलेक्ट्रॉनिक्सचं भावंड, आर्डुइनो या शिकाऊ बोर्डाचा मंच. इथे मुलं एकदा जातात, प्रश्न बंद होतो आणि पुन्हा फिरकत नाहीत. दोष बहुतेक वेळा विचारण्याच्या पद्धतीत असतो.

समजा, आंब्याच्या कलमांना पाणी कधी द्यायचं हे सांगणारा प्रोजेक्ट आहे. ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, मातीतला ओलावा मोजणारा ॲनालॉग सेन्सर, आणि आकडा वाय-फायवरून मोबाइलवर. सेन्सर बोर्डाच्या जीपीआयओ ४ या पिनला जोडलेला. वाय-फाय बंद असताना आकडे ठीक, चालू केलं की वाचन कोलमडतं. ग्रुपवर 'सेन्सर चालत नाही, कोणी सांगेल का?' आणि एक अंधूक फोटो टाकला तर उत्तरं येतात: सेन्सर बदल, वायर हलव, कोड पाठव. मंचावर बोर्डाचं नाव, पिन नंबर, सेन्सरला दिलेला व्होल्टेज, दोष दाखवणारा १५-२० ओळींचा कोड, काय अपेक्षित होतं आणि काय आलं, एवढं लिहिलं की जाणकाराची नजर त्या ४ वर पडते. ती पिन एडीसी २ वर (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दोन भागांपैकी दुसऱ्यावर) आहे आणि वाय-फाय चालू असताना एडीसी २ वापरता येत नाही. सेन्सर जीपीआयओ ३२ ते ३९ पैकी एखाद्या पिनवर, म्हणजे एडीसी १ वर, न्यायचा. सेन्सरला ५ ऐवजी ३.३ व्होल्ट द्यायचे, कारण बोर्डाच्या पिनला त्याहून जास्त सोसत नाही.

असं उत्तर पुढच्या बॅचलाही शोधून सापडतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर दुसऱ्याच्या प्रश्नाखाली टिप्पणी करायला ५० गुण लागतात, शिवाय एआयकडून लिहून घेतलेलं उत्तर टाकायला मनाई आहे. विचारण्याआधी शोधलंत तर निम्म्या वेळा उत्तर आधीच मिळतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, माहिती मात्र पुरी हवी.

गिटहब

गिटहब म्हणजे कोड ठेवण्याची आणि मिळून लिहिण्याची साइट. कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी एकच जागा निवडायची असेल तर ती ही. पहिलं कारण आपल्या पावसाचं: कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लॅपटॉपवर नेटशिवाय चालतं. बॅटरी असेपर्यंत कमिट करत राहा (बदल नोंदवा), रेंज आली की पुश करा (गिटहबवर चढवा). दुसरं असं की, कोणी काय केलं हे नावानिशी राहतं. अनोळखी माणसाने आपला कोड वाचून तीन सुधारणा सुचवणं, हे वर्गात सहसा घडत नाही; इथे पुल रिक्वेस्टवर, म्हणजे 'माझा बदल घ्या' या विनंतीवर, ते रोजचं आहे.

चुका ठरलेल्या असतात. चौघांचा मेगा प्रोजेक्ट एकाच्याच खात्यातून चढतो आणि बाकी तिघांचं नाव कुठेच उरत नाही. लॅपटॉपवरच्या गिटमधला ईमेल खात्याला जोडलेला नसेल तर कमिट केलेलंही आपल्या नावावर लागत नाही. कोडमध्ये वाय-फायचा पासवर्ड राहून जातो. ओळ पुसली तरी इतिहासात तो दिसतो, म्हणून पासवर्डच बदलावा लागतो. १०० एमबीवरची फाइल गिटहब साध्या पुशने घेत नाही, तेव्हा डेमोचा व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी.

मेकॅनिकल आणि सिव्हिलला गिटहबचा उपयोग तुलनेने कमी, कारण कॅड फाइलमधला बदल तिथे ओळीओळीने वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मोफत, मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सरस आहे. ओपनफोम या द्रवप्रवाहाच्या सॉफ्टवेअरवर केस स्टडी करा किंवा पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. तपासणारे चुका काढून परत पाठवतात आणि त्यातच खरं शिक्षण आहे. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलचे बरेच व्हिडिओ धडे मराठीत आहेत आणि त्यांच्या मंचावर धड्याच्या कितव्या मिनिटाला अडलं हे सांगून प्रश्न विचारता येतो. डिप्लोमाच्या मुलांनी सुरुवात इथूनच करावी.

एनपीटेलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन) अभ्यासक्रमांनाही चर्चेचा मंच असतो, पण तो अभ्यासक्रम चालू असेपर्यंतच जागता असतो. जुलैच्या सत्रात असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. लाईट आणि रेंज एकदमच जातात.

लिंक्डइन

ही शिकण्याची जागा नव्हे, केलेलं काम दाखवण्याची आहे. दुसऱ्या वर्षात आठवड्याला वीस मिनिटं पुरेत. प्रमाणपत्रांचे फोटो टाकण्यापेक्षा 'एडीसी २ आणि वाय-फायचा घोळ कसा सोडवला' हे आठ ओळींत लिहून गिटहबची लिंक दिलीत तर त्या क्षेत्रातला माणूस थांबून वाचतो. आपल्याच कॉलेजच्या सीनियरला 'सर, रेफरल द्या' (कंपनीत माझी शिफारस करा) असं लिहिलं तर क्वचितच उत्तर येतं. 'तुमच्या टीममध्ये नवीन मुलांना ईएसपी३२ येणं पुरतं की एसटीएम३२ पण लागतो?' असं, म्हणजे दुसरी चिपही शिकावी का हे, विचारलं तर बहुतेक जण दोन ओळी लिहितात.

स्वतःचा डिस्कॉर्ड काढायचा का?

डिस्कॉर्ड म्हणजे विषयवार चॅनल असलेलं गप्पांचं ॲप; त्यावरच्या आपल्या ग्रुपला सर्व्हर म्हणतात. वर्गात रोज शंका विचारणारी दहा-बारा मुलं असतील तरच काढा, नाहीतर आठवड्यात ओस पडतो. सुरुवातीला चारच चॅनल: सूचना, शंका, प्रोजेक्ट, नोकऱ्या. फुकट खात्याला एका फाइलची मर्यादा १० एमबी आहे, त्यामुळे मोबाइलने स्कॅन केलेल्या वह्या आधी लहान कराव्या लागतात. व्हॉइस कॉलवर अभ्यास मुंबईच्या मुलांना सोयीचा. गुहागर-दापोलीकडे पावसात आवाज तुटतो, म्हणून ठरलेलं सगळं मजकुरात उतरवा. ज्याची शंका सुटली त्याने काय केलं हे तिथेच लिहायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

असे सर्व्हर बहुतेक मे महिन्यात मरतात. मालक अंतिम वर्षाचा असतो, पास होऊन पुण्याला जातो आणि अधिकार कोणाकडेच राहत नाहीत. म्हणून फेब्रुवारीतच तिसऱ्या वर्षातल्या दोघांना ॲडमिन करा, परीक्षेआधी मालकी त्यांच्यापैकी एकाच्या नावावर करा, आणि गिटहबवर कॉलेजच्या नावाचं ऑर्गनायझेशन (सामाईक खातं) असेल तर तिथेही कायम दोन मालक ठेवा.