बडोद्यातील आमची प्राथमिक शाळा आणि नव्या मुख्याध्यापिका: दोन मुलांच्या आईचे मत

माझी मुलगी चौथीत आणि मुलगा दुसरीत, दोघेही बडोद्यातील एकाच खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकतात. शाळेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या एका घराच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत. तरीही शहराच्या जुन्या भागातील बरीच मराठी कुटुंबे पहिलीच्या प्रवेशासाठी अशाच चार-पाच शाळांचे उंबरे झिजवतात, आणि शाळेची इमारत, निकाल व फी यांच्यापलीकडे विचारण्यासारखे काय असते, हे मला स्वतःला या वर्षीच कळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधीच्या मुख्याध्यापिका अठरा वर्षे त्या खुर्चीवर होत्या. घरातील थोरल्या मुलाच्या नावावरून धाकट्याला ओळखणाऱ्या, लग्नकार्याला आवर्जून येणाऱ्या अशा त्या होत्या, आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात अनेक पालकांचे डोळे भरून आले होते. जून २०२५ मध्ये शाळा उघडली ती सुरतहून आलेल्या नव्या बाईंच्या हाताखाली. गुजरातीत त्यांना ‘आचार्या’ म्हणतात, मुले ‘प्रिन्सिपल मॅम’ म्हणतात आणि आम्ही पालक आपसांत अजूनही ‘नव्या बाई’ म्हणतो. त्या रुजू होऊन पंधरा दिवस होण्याआधीच पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यांच्याविषयी मते तयार झाली होती, आणि ती बहुतेक प्रतिकूल होती. बाई हसत नाहीत, फाटकात उभ्या राहतात, रिक्षावाल्यांना गल्लीत आत येऊ देत नाहीत, असे सगळे.

जुलैतील पहिल्या पालकसभेत त्यांनी तीन गोष्टी जाहीर केल्या. पहिली व दुसरीला गृहपाठ मिळणार नाही. दप्तराचे वजन शाळेत होईल. आणि कोणत्याही वर्गात फूटपट्टीचा उपयोग फक्त रेघा मारण्यासाठी होईल. या तिन्ही गोष्टींत त्यांनी स्वतःच्या पदरचे काहीच घातले नव्हते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे स्पष्ट सांगितलेले आहे, आणि शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानेच मनाई आहे. पण सभेत जो गलका झाला, तो जणू कोणी शाळा बंद करायला निघाले आहे असा होता. ‘घरी वही उघडायचीच नसेल तर मूल शिकणार कसे?’ असे एका वडिलांनी विचारले. एका आजींनी उभे राहून सांगितले की धाक नसेल तर मुले शेफारतील. दुसरीच्या काही आयांना वेगळीच चिंता होती: गृहपाठ नसला की मूल संध्याकाळभर मोबाइल मागते, आणि त्याचे उत्तर शाळेकडे नाही. शेवटचा मुद्दा मला आजही रास्त वाटतो. मी स्वतः त्या दिवशी विरोध करणाऱ्यांतच बसले होते, हे प्रांजळपणे सांगते.

माझे मत बदलायला सुरुवात झाली ती दप्तराच्या वजनापासून. बाईंनी जिन्याच्या कठड्याला प्रवासी बॅगा तोलायचा आकड्याचा काटा टांगला होता आणि एका शनिवारी पालकांसमोरच दुसरीच्या मुलांची दप्तरे एकेक करून त्याला अडकवली. माझ्या मुलाचे वजन एकवीस किलो. त्याच्या दप्तराचा काटा तीन किलो चारशे ग्रॅमवर जाऊन थांबला, म्हणजे धोरणात पहिली-दुसरीसाठी दिलेल्या १.६ ते २.२ किलोच्या मर्यादेपेक्षा किलोभराहून जास्त. बाईंनी काही न बोलता दप्तर बाकावर रिकामे केले. साऱ्या विषयांच्या वह्या रोज जात होत्या. त्याखेरीज वाळून दगड झालेल्या मातीचा डबा, दोन कंपासपेट्या, भरलेली लिटरभराची बाटली, आणि मी रोज हौसेने भरून देत होते तो डब्याचा तिसरा कप्पा, जो न उघडताच परत येत असे. शाळेवर बोट ठेवायला निघालेल्या मला त्या बाकावर निम्मा भार माझ्याच हातचा दिसला. आता वह्या वर्गातील कपाटात राहतात, पाणी शाळेत भरून मिळते आणि मुलगा जिना चढताना कठडा धरत नाही.

मात्र या वर्षीचा खरा बदल वाचनात आहे, आणि पालकांचा सर्वांत मोठा मतभेदही तिथेच आहे. रोज प्रार्थना झाल्यावर बाई दुसरी व तिसरीच्या वर्गाबाहेरील व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात आणि आठ मुलांना एकेक करून जवळ बोलावतात. मुलाने न पाहिलेला उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायचा. बाई बरोबर वाचलेले शब्द मोजून वहीत लिहितात आणि मग विचारतात, यात काय झाले ते मला सांग. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत अशी अपेक्षा धरलेली आहे. माझ्या मुलाने जुलैत एकोणीस शब्द वाचले. मला धक्का बसला, कारण त्याच्या वह्या भरलेल्या होत्या, अक्षर वळणदार होते आणि पहिलीच्या प्रगतिपुस्तकात त्याला ‘ए वन’ श्रेणी होती. तो फळ्यावरचे उतरवून काढत होता आणि धडे तोंडपाठ म्हणत होता. नवा मजकूर पुढे आला की अडत होता. दोन वर्षे फी भरून हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

‘काय झाले ते सांग’ हे मूल कोणत्याही भाषेत सांगू शकते, अशी बाईंनी मुभा ठेवली आहे. आमच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी चार भाषांची ये-जा आहे. २०२३ च्या कायद्यामुळे गुजराती तर राज्यातील सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत सक्तीची झाली आहे. एकदा मी फी भरायला गेले असताना मुलाची पाळी चालू होती आणि मी खांबाआड थांबले. उतारा पावसात सापडलेल्या कासवाचा होता. इंग्रजीत सांगताना तो दोनदा अडखळला, मग मराठीत म्हणाला, ‘कासवाला घाई नव्हती, ते भिजत भिजत चाललं होतं, कारण घर त्याच्या पाठीवरच होतं.’ बाईंना ‘भिजत’ या शब्दाचा अर्थ लागला नाही. त्यांनी पाणी भरणाऱ्या मराठी मावशींना हाक मारून तो विचारला, वहीत लिहून घेतला, आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. ‘सहा शब्द कमी पडले, पण अर्थ पूर्ण लागला’ अशी त्या दिवशीची नोंद नंतर मला दाखवण्यात आली. डिसेंबरात तो बावन्न शब्दांवर आला आहे. आता रात्री झोपण्याआधी तो स्वतः पुस्तक काढतो. ते वाचून झाल्यावर मला मराठीत सांगतो, आणि मी गृहपाठ समजून तेवढेच करून घेते.

यावर कित्येक पालक नाराज आहेत. इंग्रजी माध्यमाची फी भरायची आणि मुलाने मुख्याध्यापिकांसमोर मराठी-गुजरातीत बोलायचे, मग सरकारी शाळा काय वाईट होती, असे सभेत बोलले गेले. मी त्यांची भीती समजू शकते. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी अडल्यामुळे मागे राहिलेले वडील आपल्या मुलीसाठी हे बोलत होते, आणि त्यांचा आवाज कापत होता. तरीही मला वाटते की ते चुकत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले, ते इंग्रजी सोडण्यासाठी म्हटलेले नाही. ज्या भाषेत मूल विचार करते तिच्यातून अर्थ लागला की दुसऱ्या भाषेतील शब्द त्याला धरून ठेवता येतात, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. शिवाय हे बडोदे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड बसवला, आणि ते शिक्षण रयतेच्या भाषेतून दिले. माझ्या सासूबाईंच्या आजी त्या सक्तीमुळेच चौथीपर्यंत शिकल्या आणि म्हातारपणी चष्मा लावून पोथी स्वतः वाचत असत.

सहलीच्या बाबतीत मात्र पालकांत दुमत नव्हते. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेहून जास्त जण बसवले होते आणि सर्वांना लाइफ जॅकेटही दिलेली नव्हती. या शहरातील कोणत्याही आईला त्यानंतर सहलीच्या संमतिपत्रावर सही करताना हात आवरतो. आमच्या शाळेने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सहलच काढली नाही. नव्या बाईंनी या हिवाळ्यात दुसरी ते चौथीला सयाजीबागेत नेले, आणि नेण्याआधी लेखी कळवले की पाण्याजवळ जायचे नाही, दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असेल, त्यांत इच्छुक पालकही चालतील, आणि कोणाच्या हाती कोणती दहा मुले आहेत ती यादी आदल्या दिवशी फाटकावर लागेल. मी रजा काढून गेले. संग्रहालयातील निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली माझी दहा मुले मान वर करून उभी होती आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा मोजत होते. दर अर्ध्या तासाने शिट्टी वाजे, प्रत्येक गटाने आकडा सांगायचा, बाई तो लिहून घेत. असे कोणी मोजणारे असेल तर मी माझे मूल पाठवीन.

आता तक्रारीचा भाग. ऑगस्टमध्ये गल्लीतील गर्दी कमी व्हावी म्हणून पहिली-दुसरी वीस मिनिटे लवकर सोडण्याचे ठरले आणि तसा निरोप व्हॉट्सअॅपवर आला, तो आदल्या रात्री पावणेअकरा वाजता. माझ्या मुलाला आणायला माझे सासरे जातात. त्यांच्याकडे साधा फोन आहे. मी सकाळी धावपळीत निरोप पाहिला नाही. नाना नेहमीच्या वेळी पोहोचले तेव्हा मुलगा पावसात, रखवालदाराच्या पत्र्याखाली दप्तर पोटाशी धरून उभा होता, आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. दुसऱ्या दिवशी नाना आणि मी दोघेही शाळेत गेलो. मी बरेच बोलले. बाईंनी मध्ये एकदाही तोडले नाही, आणि शेवटी खुर्चीतून उठून नानांना गुजरातीत म्हणाल्या, ‘काका, भूल मारी छे.’ वेळेतील बदल यापुढे तीन दिवस आधी डायरीत लिहून, पालकांची सही घेऊनच होईल असे ठरले. डिसेंबरपर्यंत ते पाळले गेले. डिसेंबरात वार्षिक समारंभाच्या सरावासाठी पुन्हा एकदा रात्रीच निरोप आला. चूक मान्य करणे ही मोठी गोष्ट आहे, परंतु ज्या घरात मूल आणायला आजोबा जातात, त्या घराला तेवढ्याने भागत नाही. पालकसभाही अजून कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात. नोकरी करणाऱ्या आयांनी शनिवारची मागणी दोनदा लेखी दिली आहे आणि तिला उत्तर आलेले नाही.

दुसरी उणीव बाईंच्या हातची नाही. मुलाच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत दोनशेहून अधिक मुले असलेल्या शाळेत, मुख्याध्यापक सोडून, एका शिक्षकामागे चाळीसपेक्षा अधिक मुले नसावीत. व्हरांड्यात रोज आठ मुलांचे वाचन ऐकणे हे खरे तर वर्गशिक्षिकेचे काम आहे, आणि अठ्ठेचाळीस मुलांत ती ते करू शकत नाही म्हणून मुख्याध्यापिका करतात. त्या रजेवर गेल्या की आठवडाभर वाचन थांबते, हे आम्ही ऑक्टोबरात अनुभवले. तिसरी तुकडी उघडणे हा संस्थेच्या विश्वस्तांचा निर्णय आहे.

फीविषयी थोडक्यात: गुजरातच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक विभागाला वर्षाला १५,००० रुपयांहून अधिक फी घ्यायची असेल तर फी नियमन समितीची मंजुरी लागते. आमच्या शाळेची फी त्याहून अधिक आहे, आणि समितीच्या आदेशाची प्रत यंदा प्रथमच सूचनाफलकावर लागली. पूर्वी ती मागावी लागत असे.

पहिलीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १ जूनला मुलाची सहा वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. त्याआधीचे वर्ष बालवाटिकेचे. अर्ज न्यायला जाल तेव्हा सकाळी प्रार्थनेच्या वेळी जा आणि व्हरांड्यातील खुर्ची पाहा. माझ्याकडून शाळेला पाचपैकी चार तारे. एक रात्रीच्या निरोपांमुळे आणि अठ्ठेचाळीसच्या वर्गामुळे राखून ठेवला आहे. तिसऱ्या तुकडीच्या मागणीचा अर्ज आम्ही एकसष्ट पालकांच्या सह्यांनिशी विश्वस्तांकडे दिला आहे, आणि त्यावर पहिली सही, जुलैच्या सभेत ‘मूल शिकणार कसे’ असे विचारणाऱ्या त्या वडिलांची आहे.