जॅग ऑफिसर: आपली चेन्नई-कामठी की अमेरिकेचं शार्लट्सव्हिल?

जॅग ऑफिसर म्हणजे लष्कराच्या जज अॅडव्होकेट जनरल शाखेतला वकील-अधिकारी. दोन्हीकडे आधी वकील व्हायचं आणि मग फौजी, एवढं सारखं, पण पुढे वाटा पार वेगळ्या होतात. आपल्याकडे एलएलबीला किमान 55 टक्के, मग एसएसबीचे, म्हणजे लष्करी निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, ते पाच दिवस, मेडिकल, आणि निघालं नाव की सरळ चेन्नईची ओटीए, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी. तिथे 49 आठवडे! म्हणजे काल-परवापर्यंत कायद्याची कलमं घोकणारा पोरगा आज पाठीवर पिट्टू, हातात रायफल घेऊन पहाटे धावतोय, आणि कोणी विचारत नाही की बाबा तू वकील आहेस ना. लष्करी कायद्याची खरी शिकवणी नंतर, आणि त्याची संस्था आपल्या नागपूरशेजारी कामठीत आहे, हे कित्येक नागपूरकरांनाच माहीत नसतं.

अमेरिकन आर्मीत उलटं. कॉलेजनंतर 3 वर्षं लॉ स्कूल, वकिलीच्या परवान्याची बारची परीक्षा पास, मग फौजीपणा शिकवायला जेमतेम 6 आठवडे आणि त्यानंतर शार्लट्सव्हिलला आर्मीच्या कायदा शाळेत साधारण 10 आठवडे नुसता लष्करी कायदा. पुढे त्याच शाळेत एलएलएमपण होतं.

मला विचाराल तर सैनिक म्हणून आपला माणूस जास्त पक्का, पण कोर्टाचा सराव तिकडे जास्त, कारण तिथे कोर्टमार्शलमध्ये, म्हणजे लष्करी खटल्यात, सरकारी आणि बचाव दोन्ही बाजूंनी हेच वकील उभे राहतात, आपल्याकडे जज अॅडव्होकेट, म्हणजे खटल्यात बसणारा जॅग ऑफिसर, मुख्यतः कोर्टाला कायदा समजावून सांगतो, निकालात मत द्यायचा हक्क त्याला नसतोच.

आणि हो, मुलींनो, आपल्या जॅगच्या भरतीत पुरुषांना जास्त जागा राखायची पद्धत सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये रद्द केलीये, फॉर्म भराच.