व्हॅन गॉगची पत्रं: सात-आठ महिने रोज थोडी थोडी वाचल्यावर

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं वाचायची असं बरेच जण ठरवतात, पण नेटवर फिरणारी त्याची तीच ती आठ-दहा वाक्यं वाचली की पत्रं वाचल्यासारखंच वाटतं आणि विषय तिथेच संपतो. मी अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमची 2009 ची आवृत्ती घेतली, इंग्रजीतली, ऑनलाइन फुकट आहे, एकूण 902 पत्रं, त्यातली 819 त्याने लिहिलेली आणि 83 त्याला आलेली. रात्री झोपायच्या आधी थोडी थोडी, असं करत करत 1872 पासून 1890 पर्यंत पोचले. हा रिव्ह्यू त्या पत्रांचा आहे, चित्रांबद्दल फार काही नाही.

आधीच सांगते, यातला निम्माशिम्मा मजकूर पैशाबद्दल आहे. साडेसहाशेच्या आसपास पत्रं धाकट्या भावाला, थिओला लिहिलेली, तो पॅरिसमध्ये चित्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला आणि व्हिन्सेंटचा सगळा खर्च त्याच्या पगारातून. त्यामुळे पत्र उघडलं की पैसे मिळाले, आभार, मग घरभाडं, मॉडेलला किती द्यावे लागले, पांढरा रंग संपलाय, पुढचे पैसे जरा लवकर पाठवता आले तर बघ. पहिले काही आठवडे मला याचा वैताग आला, वाटलं यात कलेबद्दल कधी बोलणार हा? मग हळूहळू कळलं की त्याचं कलेबद्दलचं बोलणं या हिशोबातच मिसळलेलं असतं, रंगाच्या ट्यूबची यादी संपते आणि पुढच्याच ओळीला तो पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला की काय होतं ते सांगायला लागतो, मध्ये दम घ्यायला पण थांबत नाही.

एक नमुना देते. ऑक्टोबर 1888, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात पिवळं घर भाड्याने घेतलंय, चित्रकार मित्र गोगँ राहायला यायचाय. थिओला लिहितो की चार दिवस मुख्यतः 23 कप कॉफीवर काढलेत, सोबत पाव, त्याचेही पैसे अजून द्यायचेत. कारण काय तर चित्रं फ्रेममध्ये बघायची घाई झाली आणि खिशाला झेपतील त्यापेक्षा जास्त फ्रेम्स करायला टाकल्या. आता हे वाचून त्याची कीव यावी की चार धपाटे घालावेसे वाटावेत ते तुम्हीच ठरवा, मला दोन्ही वाटलं, आणि जरा थिओच्या बायकोचंही वाटलं, जिचं थिओशी लग्न तोवर व्हायचंच होतं.

त्याच महिन्यातलं बेडरूमच्या चित्राचं पत्र मात्र मी कितीतरी वेळा वाचलंय. डोळे थकलेत, सक्तीची विश्रांती चाललीय, आणि तरी तो खोलीचा एकेक रंग नोंदवतो: भिंती फिक्या जांभळ्या, फरशी लाल, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्याच्या पिवळ्या, चादर-उशी लिंबाच्या हिरवट रंगाची, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी, तोंड धुवायचं टेबल नारिंगी, त्यावरचं भांडं निळं. चित्राकडे बघून डोक्याला आराम वाटला पाहिजे म्हणतो. आता चित्र उघडून बघा, भिंती निळ्या दिसतात! कारण जांभळ्यातला लाल रंग टिकाऊ नव्हता, तो उडाला आणि मागे निळा राहिला. पत्र नसतं तर आपण निळ्या भिंतींवर निबंध लिहीत बसलो असतो. आणि गंमत म्हणजे त्याला हे माहीत होतं, त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या पत्रात तो लिहितो की आजकालचे हे फॅशनमधले रंग टिकत नाहीत, म्हणून तर ते बिनधास्त भडक लावायचे, काळ त्यांना नको तितका मवाळ करणारच आहे.

इथपर्यंत आल्यावर माझ्या डोक्यातला 'वेडाच्या भरात रंग फेकणारा' व्हॅन गॉग साफ गेला. 1882 ची, नेदरलँड्समधल्या हेगची पत्रं वाचा. चित्रकार व्हायचं ठरवून दोनेक वर्षं झालीत, वय एकोणतीस, आणि ड्रॉइंग म्हणजे काय तर न दिसणाऱ्या लोखंडी भिंतीतून पलीकडे जाणं, म्हणतो. ठोकून ती फुटत नाही, कानशीने हळूहळू घासत राहायचं. 'मोठं काम छोट्या छोट्या गोष्टी जोडून होतं' असं जे वाक्य पोस्टरवर असतं ते याच सुमारासचं आहे, फक्त पोस्टरवर ती कानस येत नाही. मग न्यूनेन या गावी 1884-85 च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांचे चेहरे, हात, पुन्हा चेहरे, डझनांनी, आणि मग कुठे 'पोटॅटो ईटर्स' हे चित्र. त्याच्या लिथोग्राफवर (दगडावरून छापलेल्या प्रतीवर) रापार्ड नावाच्या चित्रकार मित्राने सडकून टीका केली तर याने ते पत्र सरळ परत पाठवून दिलं. दोनेक वर्षांनी, पॅरिसमध्ये सगळं नवं बघून, रंग उजळून झाल्यावरही बहिणीला, विलला, लिहितो की मी केलेल्यात अजूनही ते बटाटे खाणारे शेतकरीच सगळ्यात चांगले. आणि ज्याच्यासाठी जग त्याला ओळखतं ती 'स्टारी नाईट'? थिओच्या पत्रात एका ओळीत, ऑलिव्हच्या झाडांचं एक लँडस्केप झालंय आणि तारांकित आकाशाची एक नवी स्टडी, बस्स. नंतर एमिल बर्नार या चित्रकार मित्राला लिहिताना तर इतके मोठे तारे काढणं फसलं असंच म्हणतो. स्वतःच्या कामाचा अंदाज लावण्यात कलाकार किती कच्चे असतात (की आपण कच्चे आहोत?) यावर मी अजून भांडायला तयार आहे.

आजाराबद्दल. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातली पत्रं वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते, झटका आला की काम जवळजवळ बंद, पत्रंही जवळजवळ बंद. 1889 च्या उन्हाळ्यात झटक्यानंतर काही आठवडे पेंटिंग करू दिलं नाही, तर तो काम करू द्या म्हणून मागे लागतो, काम हेच औषध असं त्याचं म्हणणं. आणि त्या शरद ऋतूत काय करतो, तर मिये आणि दलाक्रवा या आधीच्या चित्रकारांची काळी-पांढरी छापील चित्रं समोर ठेवून त्यात स्वतःचे रंग भरतो. गाणारा दुसऱ्याची रचना गातोच की, मग चित्रकाराने का नाही, असा त्याचा मुद्दा, आणि ब्रश बोटांत व्हायोलिनच्या बो सारखा चालतो म्हणतो. बंदिश जुनी, गायकी आपली, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आता तक्रारी. 1876-77 चा भाग भयंकर आहे, धर्मोपदेशक व्हायचं वेड, पानंच्या पानं बायबल, मी शेवटी चाळलीच. घरच्यांशी भांडणाची पत्रंही तेच तेच दळण दळतात. हेगला सोबत राहणाऱ्या सीन नावाच्या बाईला आणि तिच्या मुलांना सोडून 1883 मध्ये हेगहून निघतो तेव्हाची त्याची कारणं मला पटली नाहीत, तान्ह्या बाळाबद्दल इतकं जीव लावून लिहिणारा माणूस तो हाच. पॅरिसची दोन वर्षं, जिथे त्याचा रंग पार बदलला, तिथली पत्रं जवळजवळ नाहीतच कारण भाऊ एकाच घरात राहत होते, म्हणजे जे सगळ्यात जास्त वाचायचं होतं तेच गायब. आणि थिओची बाजू फार कमी, कारण व्हिन्सेंट आलेली पत्रं जपून ठेवत नव्हता, थिओची चाळीसच्या आसपास उरलीत. त्यामुळे हा एका बाजूचा फोन ऐकल्यासारखा प्रकार आहे, शिवाय समोरचा माणूस पैसे देणारा, तेव्हा काही पत्रांत स्वतःच्या चित्रांची केलेली तारीफ जरा हातचं राखूनच घ्यायची. थिओने मात्र व्हिन्सेंटची पत्रं सगळी सांभाळली, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने, योहानाने, तेवीस वर्षं थांबून 1914 मध्ये ती छापली, आधी चित्रांना नाव मिळू दे, माणसाची गोष्ट नंतर, असा तिचा हिशोब होता. दोन्ही भावांपेक्षा व्यवहार तिलाच जास्त कळत होता असं माझं मत.

कोणाला झेपेल? सलग गोष्ट हवी असेल त्याने याच्या वाटेला जाऊ नये. चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, कसलंही रोज बसून करायचं काम असलेल्या माणसाने घ्यावं. पहिल्यापासून सुरू करू नका, सरळ 1882 च्या उन्हाळ्यापासून धरा, 1885 पर्यंत या, मग आर्ल. टिपा पहिल्या फेरीत सोडून द्या, पण पत्रांतली स्केचेस सोडू नका, मूळ कागदाचे फोटो आहेत, शाई मागून पुढे आलेली दिसते. विलला लिहिलेली पत्रं वेगळी काढून एकत्र वाचली तर अजून मजा येते, तिच्याशी तो पैशाचं बोलत नाही आणि बराच हलका होतो.