रिमॅप करायचा की रेशो बदलायचा? जड पेट्रोल फोर बाय फोरवाल्यांसाठी

गाडी जड, इंजिन पेट्रोल, वर ३३ इंची टायर, पुढे लोखंडी बंपर, मागे विंच आणि सामान, आणि मग गाडी ओढत नाही, ऍव्हरेज पण पडलंय असं झालं की दोनच सल्ले मिळतात. कुणी म्हणतं ईसीयू रिमॅप कर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदल, कुणी म्हणतं डिफरन्शियलचा (डिफ, एक्सलमधला गिअर) रेशो बदल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फिरेल. मी दोन्ही केलंय, आधी रिमॅप आणि वर्षभराने रेशो, म्हणून लिहितोय.

रिमॅपचं आकर्षण मला कळतं. एका दिवसात काम, काही उघडायचं नाही, नको वाटलं तर जुनी फाईल परत टाकता येते. आणि पहिले दोन दिवस गाडी खरंच हलकी वाटते. पण त्यातला बराच भाग ऍक्सिलरेटर जास्त संवेदनशील केल्याचा असतो, पाय थोडा दाबला तरी थ्रॉटल जास्त उघडतो. टर्बो पेट्रोल असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बूस्ट वाढवून खरी ताकद काढता येते. माझं इंजिन साधं, बिनटर्बोचं. त्यात हवा जेवढी जाते तेवढीच जाते, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) आणि मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) सुधारून मिळणारा फायदा थोडाच. वर ट्यून जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेलं असेल तर साधं पेट्रोल भरल्यावर इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो आणि मिळालेलं पण जातं.

आता ज्या त्रासामुळे माझा निर्णय झाला तो सांगतो. हायवेवर हलका चढ आला की ऑटो गिअरबॉक्स पाचव्यातून चौथ्यात, जरा सपाट आलं की परत पाचव्यात, पुढच्या चढाला परत चौथ्यात. दिवसभर हेच. कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्सची घट्ट पकड) सुटायचा, आरपीएम उडायचा, बाजूला बसलेल्याची मान हलायची, आणि मी शेवटी वैतागून ओव्हरड्राइव्ह बंद करून चालवायचो. रिमॅपनंतर पण हे तसंच राहिलं, कारण दोष इंजिनात नव्हताच. टायर ३१ वरून ३३ इंच केला की घेर साधारण साडेसहा टक्के वाढतो, म्हणजे माझा ४.१० चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) चाकाशी ३.८५ सारखा वागत होता, आणि वजन मात्र वाढलेलं. अशा वेळी पाय सतत खोल राहतो, आणि जोराच्या लोडवर पेट्रोल इंजिन १४.७ चं मिक्श्चर (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) सोडून साडेबाराच्या आसपास जातं, इंधन तिथेच पितं.

डिफमध्ये ४.५६ चा रेशो टाकल्यावर गाडी चढावर पाचव्यातच राहते. हायवेला आरपीएम आधीपेक्षा जास्त दिसतो म्हणून लोक घाबरतात, मी पण घाबरलो होतो, पण पाय हलका राहतो त्यामुळे माझ्या गाडीत लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर वाढलंच, तेही सामान भरून. हा माझ्या टाक्यांचा हिशेब आहे, तुमचा वेगळा येऊ शकतो. हिशेब करताना एक लक्षात ठेवा, मोठ्या टायरवर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो, त्यामुळे पडलेलं ऍव्हरेज दिसतं त्यापेक्षा थोडं बरं असतं. मी जीपीएसवर अंतर मोजलं.

रेशोची कटकट पण आहे, ती लपवत नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही क्राऊन-पिनियन (डिफमधली गिअरची जोडी) एकाच रेशोचे लागतात, एकच बदलून फोर व्हील लावलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) नाहीतर डिफ जाईल. बसवणारा माणूस चांगला पाहिजे, पिनियनची खोली किंवा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) चुकला तर आवाज येतो आणि तो आपोआप जात नाही. माझं पहिल्यांदा मागचं डिफ गुणगुणत होतं, परत उघडून शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून घ्यावं लागलं. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर हळू चालवून तेल बदलायचं, मधे थांबून डिफ थंड होऊ द्यायचं, टोइंग तर लगेच नाहीच. गाडीच्या कॉम्प्युटरला नवा रेशो आणि टायर सांगायला विसरू नका, नाहीतर शिफ्टिंग पुन्हा बिघडेल.

टायर गाडीच्या कंपनीने दिलेल्याच मापाचे असतील तर मी यातलं काहीच करणार नाही, आधी रिकामा रूफ रॅक उतरवेन आणि टायरची हवा बघेन. टर्बो असेल तर रिमॅपचा विचार नक्की करा. पण मोठे टायर, बिनटर्बो पेट्रोल आणि गिअरबॉक्सची ती सतत वरखाली असेल, तर मला वाटतं पैसे आधी डिफमध्ये घालावेत, रिमॅप नंतर करता येतोच.