मिरामारमधील ला कासा देल हबानो : अस्सल क्युबन सिगारसाठी भरवशाचे दुकान

हवानाच्या मिरामार भागात, पाचवी अव्हेन्यू आणि सोळावा रस्ता जिथे मिळतात तिथल्या बंगल्यात ‘ला कासा देल हबानो’ या साखळीचे दुकान आहे. क्युबाच्या सर्व सिगारांची जगभर विक्री करणाऱ्या हबानोस या कंपनीची ही अधिकृत दुकाने असून, हवानात सिगार घ्यायचे असतील तर ती याच दुकानांतून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या शहरात फिरणाऱ्या पर्यटकाला कोणी ना कोणी गाठतेच. आपला भाऊ कारखान्यात आहे, आज सहकारी संस्थेची विक्री आहे, कामगारांच्या वाट्याचा माल अगदी स्वस्तात मिळेल, असे सांगून त्याला एखाद्या घरात नेले जाते. कारखान्यातील कामगारांना स्वतःसाठी थोडे सिगार खरोखरच मिळत असल्यामुळे ही हकिकत पटते. परंतु त्यांच्या वाट्यात कोहिबा या क्युबाच्या नामांकित, महागड्या सिगारच्या सीलबंद पेट्या नसतात. अशा पेटीतील सिगार उलगडून पाहिला, तर आत अखंड लांब पानांऐवजी कारखान्यातून झाडून आणल्यासारखा तंबाखूचा चुरा निघण्याचीच शक्यता अधिक.

पेटीवरील खुणा अवश्य पाहाव्यात. डाव्या बाजूचा हिरवा-पांढरा हमीशिक्का १९१२ पासून चालत आला असून, २००९ पासून त्यावर होलोग्राम आणि बारकोड असतो. त्या बारकोडचा क्रमांक हबानोसच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. पेटीच्या तळाशी ‘क्युबात तयार’, ‘संपूर्णपणे हाताने’ या अर्थाचे स्पॅनिश शब्द डागलेले असतात आणि शेजारी कारखान्याचा सांकेतिक शब्द व महिना-वर्ष शाईने उमटवलेले असते. मात्र केवळ शिक्क्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण शिक्क्याची हुबेहूब नक्कल होते आणि खऱ्या रिकाम्या पेट्याही पुन्हा भरल्या जातात. काचेचे झाकण असलेली कोहिबाची पेटी दिसली, तर पुढची तपासणी करण्याची गरजच नाही. कोहिबा तशा पेटीत विकलीच जात नाही.

म्हणूनच या दुकानातील पद्धत मला महत्त्वाची वाटते. पैसे देण्यापूर्वी विक्रेता पेटी आपल्यासमोर उघडतो, सिगार निवांतपणे पाहू देतो, वास घेऊ देतो. अस्सल पेटीत सिगारांची मांडणी रंगानुसार, डावीकडे गडद आणि उजवीकडे फिकट अशी, इतक्या हळुवार उतरणीने केलेली असते की शेजारच्या दोन सिगारांत फरक जाणवू नये. सिगारांवरील कागदी पट्ट्याही एका ओळीत, एकाच उंचीवर असतात. ज्यांना पेटी घ्यायची नाही, त्यांना सुटा सिगार घेऊन तिथेच बसून ओढता येतो. नवख्या माणसाने हे आधी करावे, कारण खऱ्या पानाची चव एकदा ओळखीची झाली की रस्त्यावरचा माल जिभेलाच खटकतो.

उणीव आहे ती मालाची. अलीकडच्या वर्षांत क्युबातच सिगारांची टंचाई असल्यामुळे हवी ती जात फळीवर असेलच याची खात्री नाही, आणि नेमकी हीच टंचाई भामट्यांच्या पथ्यावर पडते. स्वस्ताईची अपेक्षाही ठेवू नये. २०२२ मध्ये हबानोसने कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन महागड्या सिगारांचे दर जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीवर आणले, त्यामुळे हवानात या दोन नावांचा माल स्वस्त मिळण्याचे दिवस संपले आहेत. जो कोणी बेहिकेची, म्हणजे कोहिबातल्याच सर्वांत महागड्या प्रकाराची, पेटी निम्म्या किमतीत देऊ करतो, तो बेहिके देत नाही, हे निःशंक समजावे. पार्तागास किंवा एच. उपमान या नावांचे सिगार घेणाऱ्याला मात्र इथे पैशाचे चीज झाल्यासारखे वाटेल.

पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. क्युबातून बाहेर पडताना वीस सुट्या सिगारांपर्यंत कागद लागत नाही, सीलबंद मूळ पेट्यांमधून पन्नासपर्यंत नेता येतात, त्याहून अधिक असतील तर अधिकृत दुकानाची पावती दाखवावी लागते. मुंबईला उतरणाऱ्यांसाठी करमुक्त मर्यादा पंचवीस सिगारांची, म्हणजे एका मोठ्या पेटीची आहे. तेव्हा ती एकच पेटी या दुकानातून, नीट पारखून घ्यावी.