चहात साखरेऐवजी गोळी: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आडतीवर, म्हणजे शेतमालाच्या दलालीच्या दुकानात, मुनीमकी करणाऱ्या माणसाला चहा नको म्हणता येत नाही. लातूरच्या मोंढ्यात सौदा निघाला की एक चहा, काटा झाला की एक, शेतकरी मालाच्या हिशोबाची पट्टी घ्यायला बसला की त्याच्यासोबत एक. सोयाबीनच्या सीझनला तर मोजदादच नको. सहा कप कुठंच गेले नाहीत. आणि आपल्याकडचा चहा म्हणजे आधी साखर, मग दूध, पत्ती नावाला. कपाला दोन चमचे धरले तरी साधारण १० ग्रॅम साखर पोटात जाते. सहा कपांची ६० ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. माझा कोटा तिसऱ्या चहातच संपत होता, जेवण बाजूलाच.

गेल्या वर्षी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.९ निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध लिहून दिलं, संध्याकाळी फिरायला सांगितलं आणि चहातली साखर बंद करा म्हणाले. पहिल्या दोन गोष्टी जमल्या. तिसरीसाठी मेडिकलमधून गोळ्यांची डबी आणली.

पहिली डबी अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याची होती. गरम चहात गोळी टाकली की बारीक बुडबुडे येतात, वर पांढुरका फेस धरतो आणि ढवळलं की जातो. गोडी येते, पण ती उशिरा येते आणि घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळते. साखरेचा चहा गिळला की तोंड मोकळं होतं, इथं तसं होत नाही. आठवड्याभरात सवय झाली. अ‍ॅस्पार्टेम उकळू नये. फार वेळ उष्णता लागली तर ते तुटतं आणि गोडी कमी होते, म्हणून चहा गाळल्यावर कपातच टाकायचं. घरी ते आधण ठेवतानाच टाकलं जायचं आणि मग ‘गोळी बोगस आहे’ अशी तक्रार व्हायची.

नंतर स्टीव्हियाचे थेंब आणले. वनस्पतीचं आहे म्हणून घरच्यांना ते जास्त पसंत पडलं. पण कोऱ्या चहात त्याची कडवट, ज्येष्ठमधासारखी चव उघडी पडते. दुधाच्या चहात थोडी झाकली जाते, एवढंच. आणि डबीवर हिरवं पान छापलं तरी आत येतो तो पानातून वेगळा काढलेला, साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड अर्क. बागेतलं पान तोडून टाकल्यासारखं काही नाही.

शेवटी सुक्रालोजवर थांबलो. चव साखरेच्या सगळ्यात जवळची, आणि चहा उकळला तरी बिघडत नाही. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेला हा पदार्थ १९७६ साली लंडनच्या एका कॉलेजात शशिकांत फडणीस या आपल्या माणसाच्या जिभेवर पहिल्यांदा लागला. साहेबांनी तपासायला सांगितलं आणि यांनी चाखून पाहिलं, असं सांगतात. हा किस्सा मी मोंढ्यात सांगितला तर एक हमाल म्हणाला, “जगला ते नशीब म्हणा.”

आता मुद्द्याची गोष्ट. डबी खिशात असली तरी टपरीवर ती चालत नाही, कारण टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो. बिनसाखरेचा हवा तर वेगळं पातेलं चढवावं लागतं. आमचा चहावाला दोन दिवस गप्प राहिला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मुनीमजी, तुमच्या एकल्यासाठी कुठं दुसरं पातेलं ठेवायलाव? गिऱ्हाईक खोळंबायलंय.” त्याचंही खरं होतं. परिणाम असा झाला की मला सकाळी एकदा आणि दुपारी एकदाच वेगळा चहा मिळायला लागला. बाकीच्या वेळी पाणी, नाहीतर फुटाणे. घरचा सकाळचा धरून सहाचे तीन कप झाले. दुधातली साखर गोळीनं जात नाही, ती प्रत्येक कपात असतेच, पण कपच अर्धे झाल्यामुळे तीही आपोआप कमी झाली. माझ्या मते त्या डबीचा खरा फायदा हा, आणि तो डबीवर कुठंच लिहिलेला नाही.

आकडे सांगतो. एचबीए१सी ७.१ वर आलं, वजन दोनेक किलो उतरलं. ह्याचं श्रेय गोळीला द्यायला मी तयार नाही. मेटफॉर्मिन चालू आहे, चालणं आहे, रात्रीचा भात बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केलीय. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं २०२४ मध्ये एक अभ्यास छापला. टाईप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या लोकांना १२ आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज दिलं. वजन आणि कमरेचा घेर थोडा उतरला, पण एचबीए१सीमध्ये साखरवाल्यांच्या तुलनेत फरक पडला नाही. साखर बिघडली नाही हे चांगलंच, पण गोळी घेतली म्हणून रिपोर्ट सुधारेल ही आशा धरू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी भीती वेगळीच. ‘जागतिक आरोग्य संघटनेनं बंदी घातली’ असा मेसेज तुम्हालाही आला असेल. बंदी कसली नाही. मे २०२३ मध्ये त्यांनी एवढंच सांगितलं की वजन कमी करण्यासाठी किंवा आजार टाळण्यासाठी हे गोडवे वापरू नयेत, कारण दीर्घकाळात फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, असंही त्यातच लिहिलंय. हे वाक्य मेसेजमध्ये बरोबर गाळलेलं असतं. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोगावरच्या त्यांच्या संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला ‘शक्यता आहे’ या गटात टाकलं. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी जुनीच कायम ठेवली. माझं वजन सत्तरच्या घरात, म्हणजे २८०० मिलिग्रॅम. माझ्या पहिल्या डबीवर एका गोळीत १८ मिलिग्रॅम लिहिलं होतं. हिशोब केला तर दीडशेवर गोळ्या होतात. इतका चहा पिणारा माणूस दुसऱ्याच कशानं तरी जाईल. फेनिलकिटोन्युरिया नावाचा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेमला हात लावू नये. ती सूचना डबीवर असते, ती वाचावी.

स्वयंपाकात हे काम करत नाही, निदान आमच्या घरी तरी नाही. होळीला वहिनीनं माझ्यासाठी वेगळं पुरण घातलं, गुळाऐवजी सुक्रालोजची पावडर टाकून. गूळ पडला की डाळ आधी पातळ होते, मग आटत आटत अशी घट्ट होते की त्यात उलथनं उभं राहतं. पावडर टाकल्यावर ते काहीच होईना. डाळ कोरडी, भुसभुशीत. वाटून उंडा भरला, लाटायला घेतलं आणि पहिल्याच फेऱ्याला कडेनं फुटलं. गोड होतं, पण पुरण नव्हतं. रंगही फिका. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, अर्धी पोळी खरी खावा, पण हे नका करायला लावू.” त्याआधी वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या जेवणाच्या सणाला, तसंच केलं होतं. खीर वाटीभर खाल्ली, गुळाचीच, आणि आंबील मनसोक्त प्यालो. तळण आणि भाजण्यासाठी तर सुक्रालोज घेऊच नका. १२० अंशांच्या वर तापलं तर त्यातून नको ती क्लोरिनची संयुगं तयार होऊ शकतात, असं जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१९ मध्ये सांगितलंय. चहा तिथपर्यंत जात नाही, शंकरपाळी जाते.

गुळाचं निघालंच म्हणून. ‘साखर नको, गुळाचा चहा घ्या, चालतो’ हे मला निम्म्या बाजारानं सांगितलं. आमच्याकडे गुऱ्हाळाचा गूळ चांगला मिळतो, वास सुटतो, मला आवडतो. पण गुळातही बहुतेक साखरच आहे, कॅलरी जवळपास तेवढ्याच, आणि रक्तातली साखरही तशीच चढते. मांजरा नदीकाठच्या उसाचं पीक त्यात आहे म्हणून ते औषध होत नाही.

आणखी एक. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांचा पुडा उलटून बघा. मैदा पहिला, तूप-तेल दुसरं, आणि साखरेच्या जागी माल्टिटॉल नावाचा गोडवा. माल्टिटॉल रक्तातली साखर थोडीफार वाढवतंच, आणि जास्त खाल्लं तर पोट साफ करतं. आमच्या एका व्यापारी मित्रानं दिवाळीत शुगर फ्री मिठाईचा अख्खा बॉक्स संपवला. दुसऱ्या दिवशीच्या सौद्याला तो नव्हता.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितो. शेजारच्या आडतीवरच्या एकाचं दुपारचं जेवण लांबलं, रक्तातली साखर एकदम उतरली, त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले. घाईत कुणीतरी माझी डबी मागितली, “गोड हाय ना, टाक की चार गोळ्या पाण्यात.” जीभ फसते, रक्त फसत नाही. अशा वेळी खरी साखरच लागते, तीन चमचे पाण्यात कालवून, नाहीतर ग्लुकोज. आम्ही चहावाल्याकडून साखर आणली, पंधरा-वीस मिनिटांत तो बोलायला लागला. तेव्हापासून गल्ल्यात साखरेची पुडी ठेवलेली असते.

मुलांना मी देत नाही. पुतण्या डबीतली गोळी पेपरमिंट म्हणून मागतो, त्याला सरळ नाही म्हणतो. त्याला मधुमेह नाही, वजन वाढलेलं नाही, मग गोडाची सवय कशाला वाढवायची.

माझ्यापुरतं काय झालं, तर गोडाची ओढ गोळीनं कमी झाली नाही. पेढ्याचं ताट समोर आलं की हात जातोच. चव मात्र थोडी सरकली. सुरुवातीला कपाला दोन गोळ्या लागायच्या, मग एक, आता बऱ्याचदा अर्धी. मोडताना ती निसटून टेबलाखाली जाते, म्हणून मी ब्लेडनं कापतो. परवा पाहुण्यांकडं साखरेचा चहा घ्यावा लागला तर तो पाकासारखा लागला. कप परत करणं बरं दिसत नाही म्हणून संपवला. महिन्याला डबीचे पैसे साखरेपेक्षा जास्तच जातात. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ७ च्या खाली आलं तर घरचा सकाळचा चहा गोळीशिवाय करून बघणार आहे.